चोरकप्पेवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक चोरकप्पेवाले काका असतात. बहुधा ऑडिट खात्यातून निवृत्त. आमच्याकडच्या काकांची लेक दुबईला. बोलावणं दिवाळीचं, तयारी मात्र गणपतीपासून सुरू.

एजंट म्हणाला, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असली की झालं. काकांची अकरा महिने होती. ‘काठावर आहे’ म्हणत त्यांनी नवा काढून घेतला. त्याच्या झेरॉक्स बॅगेत, काकूंच्या पर्समध्ये, देवघरात आणि आमच्या कपाटात. (हे मात्र बरोबर. पासपोर्ट परदेशात हरवला, तर वकिलातीत झेरॉक्सच कामी येते.) पोलिसांना ९९९, रुग्णवाहिकेला ९९८, हे त्यांनी काकूंकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

मग चोरकप्पा. बनियनला, आतून. शिंप्याने विचारलं, “चेन लावू की बटण?” काका म्हणाले, “दोन्ही.” त्यात दिरहम ठेवले, पासपोर्ट ठेवला आणि वरून सेफ्टी पिन लावली. विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट मागितला की आपल्याला भर रांगेत शर्टाची बटणं सोडावी लागतील, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हीही बोललो नाही. रात्री बारा वाजतासुद्धा तिथे बायका एकट्या फिरतात, हे जावई सांगून सांगून थकला. काका म्हणत, “चोर काय, कुठेही असतो!”

निघायच्या आदल्या दिवशी लेकीला व्हिडिओ कॉलवर काकूंचा स्टीलचा डबा दिसला. अनारसे. वर पांढरीशुभ्र खसखस.

“आई, खसखस इथे आणायला बंदी आहे! अमली पदार्थात धरतात.”

“अगं, वाण्याकडची आहे,” काकू म्हणाल्या.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. वाण्याला त्याचं काही वाटत नाही, अमिरातीतल्या कस्टम्सला वाटतं. लेकीने मग औषधंही दाखवायला लावली. काकांच्या खोकल्याच्या बाटलीत कोडीन निघालं. तेही तिथे परवानगीशिवाय चालत नाही. ज्या माणसाने बनियनलासुद्धा चेन लावली, त्याच्या बॅगेत एवढा ऐवज!

मग मात्र काकांमधला ऑडिटर जागा झाला. चष्मा लावून ते डबे उघडायला बसले. “मसाल्यात काय घातलंस?” काकू म्हणाल्या, “धणे, तीळ, खोबरं, दगडफूल…” आणि थबकल्या. गोडा मसालाही बाहेर. “मग लेकीला नेऊ तरी काय?” काकांनी यादी पाहून उत्तर दिलं, “झेरॉक्स.”

अनारसे आमच्याकडे आले. जाळी सुरेख पडली होती.

दुबईला निघाला असाल, तर शिंप्याकडे नंतर जा. आधी स्वयंपाकघरात विचारा, मसाल्यात काय काय घातलंय.