युवराजांचा अभ्यासक्रम

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७० साली गादीवर बसले ते थेट कैदेतून सुटून. पाच वर्षांत इंग्रजांनी गैरकारभाराबद्दल त्यांना गादीवरून काढले आणि मद्रासला धाडले. तिथेच ते वारले. आधी कैद, मग गादी हा त्यांचा क्रमच चुकला. आधी गादी, मग कैद, मग जामीन, मग मोठी गादी ही प्रगत पद्धत तेव्हा निघायची होती.

त्यांच्या जागी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. हाच पुढचा सयाजीराव. ‘कशाला आलास?’ या प्रश्नाला पोराने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, अशी कथा सांगतात. आपल्या कोणत्याही युवराजाला विचारा, उत्तर हेच येईल. पण बडोदेकरांनी ते ऐकून चौकाचौकात फ्लेक्स लावले नाहीत. पोराला अभ्यासाला बसवले. एलियटसाहेबांनी शिकवले आणि पुढे दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ नावाने ती छापलेली आहेत.

हा अभ्यासक्रम आम्ही एका काल्पनिक युवा नेत्याच्या तितक्याच काल्पनिक पीएंपुढे ठेवला.

‘प्रजेचे सुख हे राजाचे पहिले कर्तव्य.’

‘भाषणात घेतो. पुढे?’

‘राजाचा खर्च वेगळा, राज्याचा खजिना वेगळा.’

‘वेगळेच आहेत की! खर्च दादांचा, खजिना सरकारचा.’

‘तोंडपुज्यांना कारभारात लुडबुड करू देऊ नये.’

‘मग कार्यकारिणीत बसवायचं कुणाला?’

‘न्यायाधीशांच्या कामात हात घालू नये.’

‘छे, छे! दादांचा फोन ठाण्यातच जातो. प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ दिलं, तर हात घालायचा प्रश्न!’

‘आणि हे सगळं शिकायला सहा वर्षं.’

पीए हसले. ‘सहा वर्षांत आमचे तीन पक्ष होतात.’

सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. अधिकार हाती येताच त्यांनी राज्यभर घोषणांचा पाऊस पाडला नाही. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागात करून पाहिले आणि जमते असे दिसल्यावर १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू केले. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये काही करून पाहायचे असते, ही कल्पना आता कालबाह्य झाली आहे. १९१३ मध्ये त्यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दादांच्या ट्रस्टची शिष्यवृत्तीही विद्यार्थ्याला परदेशी पाठवते. विद्यार्थी म्हणजे दादांचे चिरंजीव.

एका विषयात मात्र सयाजीराव कच्चे राहिले. माधवरावांनी इंग्रज सरकारशी सलोख्याने वागण्याचे धडेही भरपूर दिले होते. तरी १९११ च्या दिल्ली दरबारात महाराज बादशहापुढे जेमतेम वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. मोठा गहजब झाला.

हे ऐकून पीएंची कळी खुलली. ‘हा पेपर दादांना आत्ता द्या,’ ते म्हणाले. ‘दिल्लीहून ते विमानतळापर्यंत उलट्या पावलांनी येतात.’