हाताला काय झालंय?

सिग्नलला कोणीतरी विचारावं म्हणून मी मुद्दाम लाल वायर वापरली. सायकलच्या काळ्या नळीवर काळी वायर दिसणार कोणाला? हँडलवर दोन बटणं, सीटखाली साबणाच्या डबीत आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट, आणि मागे खेळण्यातल्या विमानांसाठी मिळते ती सर्वो मोटर. बटण दाबलं की मोटर ‘झुईं’ करून केबल ओढते आणि चेन शेजारच्या चकतीवर जाते. विचारणारे भेटतातही.

“बॅटरीवर चालते का, काका?”

“नाही, पायडलच मारायचं.”

“मग बॅटरी कशाला?”

“गिअर बदलायला.”

“हाताला काय झालंय?”

एरवी न सुटणारा सिग्नल नेमका तेव्हा सुटतो.

फ्रेम जुन्या बाजारातली, चाकं भाच्याची. तरी ‘मी बांधलेली सायकल’ असंच मी म्हणतो. मागे आठ चकत्या, शेजारशेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांत ४.८ मिलिमीटर अंतर. कुठल्या चकतीला मोटरने किती अंश वळायचं, हा तक्ता मला पाठ आहे. पाहुण्यांना चहाच्या आधी म्हणून दाखवतो. बटण एकदाच दाबलं तरी आतल्या पट्ट्या क्षणभर थरथरतात. माझा अंगठा एक म्हणतो, आर्डुइनोला चार ऐकू येतात. म्हणून पहिल्या दाबानंतर पन्नास मिलिसेकंद काहीच ऐकायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरच्या स्प्रिंगशी मोटर सतत झुंजते, त्यामुळे रात्री मोबाईलशेजारी सायकलही चार्जिंगला असते. ही कल्पना माझीच, असं सोसायटीत सांगतो. माविक कंपनीने नव्वदीच्या दशकात आणि शिमानो कंपनीने २००९ साली ती बाजारात आणली होती, पण सोसायटीत इतकं वाचतं कोण?

माझं खरं वैर आहे आंरी देग्रांजशी. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत सुरू करणारा हा गृहस्थ. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने लिहिलं होतं की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक! त्याच्या शर्यतीत डिरेलरला १९३७ पर्यंत बंदी होती. तोवर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चकती असे. घाट आला की उतरा, चाक काढा, फिरवून बसवा, नट आवळा, मग चढा. १९२७ मध्ये इटलीतल्या बर्फाळ घाटात तुल्लियो कांपान्योलो या शर्यतपटूची बोटं गारठली, नट सुटेना आणि त्यातूनच त्याला नट न सोडवता चाक काढू देणारं क्विक रिलीज सुचलं, असं सांगतात. माणसांची बोटं गोठताहेत आणि हा देग्रांज पंचेचाळिशीचं तत्त्वज्ञान सांगतोय! मी पंचावन्नचा. म्हणजे मी गिअर वापरतो तो देग्रांजच्या परवानगीने, आणि हेच मला सलतं. तो १९४० साली वारला, पण पुण्याजवळच्या बोपदेव घाटात आमचा वाद अजून चालतो. मनातल्या मनात, तोंडाने बोलण्याइतका श्वास तिथे उरत नाही.

असो. बायकोच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. बरणीचं झाकण, कणीक, कुलूप, सगळीकडे तो आडवा येतो. तिच्या सायकलचा गिअर अंगठ्याने रेटावा लागे, म्हणून ती सायकल जिन्याखाली गेली. “बरंच झालं, आता या वयात सायकल कशाला?” असं नातेवाईक म्हणाले. गुडघे बदलून ट्रेकला निघालेल्या सत्तरीच्या काकांना हेच लोक हार घालतात. ती त्यांच्यासमोर नुसती हसली आणि किल्ली खिळ्याला टांगली. तिच्या त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मग एकदा सीट खाली करून ती माझीच सायकल भाजीला घेऊन गेली. बटणाला जोर लागत नाही, बोट टेकलं तरी पुरतं. तासाभराने आली ती मंडईऐवजी पर्वतीपर्यंत जाऊन, घामाघूम आणि भाजीविना. मी उत्साहाने पन्नास मिलिसेकंदांचं शास्त्र सांगू लागलो.

“अहो, ते झुईं झुईं कमी करा. आणि आठ गिअर कशाला? चढाचा, सपाटीचा आणि दमल्याचा. तीन पुरे.”

सायकल आता तिच्याकडेच असते. पाच गिअर मी काढले. प्रोग्राममधून पुसले मात्र नाहीत. त्या ओळींपुढे दोन तिरक्या रेघा मारल्यात, म्हणजे आर्डुइनो त्या वाचत नाही. पाहुण्यांना तक्ता अजून आठाचाच म्हणून दाखवतो.