चार जीबीचा ठराव

आमच्या सोसायटीचा मॅनेजर सकाळी ऑफिसात आला की आधी संगणकाचं बटण दाबतो आणि मग गच्चीवरच्या टाक्या बघायला जातो. खाली येईपर्यंत विंडोज आलेली असते. मग तो ब्राउझर उघडतो आणि चहाला बाहेर पडतो. मेंटेनन्सचं बिल मागायला येणाऱ्यांना तो 'अकरानंतर या' म्हणतो, ते उगाच नाही.

यंत्र तसं सज्जन आहे. इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम आणि ३२ बिटची विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ ला वाऱ्यावर सोडलं. पण मुदत संपली म्हणून आमच्या कमिटीतून आजवर कोणी घरी गेलेलं नाही, मग संगणकानेच का जावं? मॅनेजरने अर्ज दिला: ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी घेऊन द्यावी.

अर्ज सभेपुढे आला आणि खजिनदारांनी चष्मा पुसला. खर्च कुठल्या खात्यातून? उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरसाल दुरुस्ती निधीत जाते, किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात. जुनी रॅम बिघडलेली नाही, तेव्हा ही दुरुस्ती नव्हे. इमारतीचा भाग नाही, तेव्हा सिंकिंग फंडही नाही. लॉबीत ग्रॅनाइट बसवताना हा काथ्याकूट झाला नव्हता. ग्रॅनाइट पाहुण्यांना दिसतो. अखेर तीन कोटेशनं मागवावीत, असा ठराव सर्वानुमते झाला. सर्वानुमते म्हणजे बाकीचे व्हॉट्सॲप बघत होते.

पहिलं कोटेशन डीडीआर४ चं आलं. 'नवीन आहे, जास्त टिकेल,' चेअरमन म्हणाले. आमचा बोर्ड डीडीआर३ चा. त्या पट्टीला २४० पिना, डीडीआर४ ला २८८; बसणार कुठून? डीडीआर२ ला मात्र २४०च पिना असतात आणि खरी मेख तिथे आहे: खाच जराशी सरकलेली, व्होल्टेज १.५ ऐवजी १.८. ती खाच कोणा इंजिनिअरची हौस नव्हे. पिना मोजून निर्णय घेणारी आणि बसत नसेल तर अंगठ्याने दाबणारी माणसं जगभर आहेत, हे ओळखूनच ती ठेवलेली असते.

दुसरं कोटेशन लॅपटॉपच्या रॅमचं होतं. लांबी निम्मी आणि भाव तोच, यावर खजिनदारांनी लेखी हरकत नोंदवली.

तिसरं सगळ्यात स्वस्त, म्हणून मंजूर. त्यात डीडीआर३ होतं, डेस्कटॉप होतं, ४ जीबी होतं, आणि तळाशी बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असंही होतं.

पट्टी आली. स्लॉटात चपखल बसली, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या खटकन लागल्या. पडदा काळाच. आतून लांबलांब बीप येत राहिले. चेअरमननी व्हायरसचं निदान केलं. चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पट्टी काढली आणि देशातल्या तमाम रिपेअरवाल्यांचा पहिला उपचार केला: पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पिना हळूच घासल्या, भुगा फुंकला, पुन्हा बसवली. जुन्या पट्टीला हा उपाय खरोखर लागू पडतो, पिनांवरचा मळ निघतो म्हणून. इथे मळ नव्हताच. त्या एएमडीवाल्या पट्टीवरच्या चिपा चार-चार बिटांच्या असतात, आमच्या बोर्डाला आठ-आठ बिटांच्या लागतात. वरून बघाल तर दोघी जुळ्या बहिणी.

मुलगा म्हणाला, 'काका, लॅमिंग्टन रोडला जा आणि एवढंच म्हणा: जी४१ साठी, सोळा चिपवाली.' म्हणजे पट्टीच्या दोन्ही अंगांना आठ-आठ चिपा. नंतर आलेल्या ४ जीबीच्या पट्ट्या आठच चिपांत भागवतात, आणि त्यातली दुप्पट क्षमतेची चिप जी४१ ला वाचता येत नाही. हे ज्ञान कुठल्या खोक्यावर छापलेलं नसतं, दुकानदाराच्या तोंडी असतं. (पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. त्या नावाने विचारणारा एक तर पोस्टमन असतो, नाहीतर हरवलेला.)

पण कमिटीचं मत पडलं की नवी खरेदी म्हणजे नवी तीन कोटेशनं. तोवर जगभरच्या एआय डेटा सेंटरांना मेमरीचा भस्म्या रोग जडला होता आणि भाव चढले होते. मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशिअल' हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. खजिनदार निवांत. 'संक्रांत झाली की उतरतील,' म्हणाले.

मॅनेजरला आता टाक्या पाठ झाल्या होत्या. एका शनिवारी तो ग्रँट रोडला उतरला, कुठल्याशा ऑफिसच्या भंगारात निघालेल्या संगणकातली सोळा चिपवाली पट्टी घेऊन आला आणि खर्च पेटी कॅशमध्ये 'झेरॉक्स' म्हणून टाकला. यंत्र पळायला लागलं. बिलं साडेनऊलाच मिळू लागली, त्यामुळे ती न भरण्याचं एक सबळ कारण गेलं, अशी बी विंगमध्ये नाराजी आहे.

पुढे लेखापरीक्षक आले. झेरॉक्सवर त्यांची नजर गेली नाही. त्यांनी संगणकाची माहिती उघडली. तिथे स्पष्ट लिहिलेलं: बसवलेली मेमरी ६ जीबी, वापरण्याजोगी ३.२. ३२ बिटच्या विंडोज ७ ला ४ जीबीच्या पलीकडचं काही दिसत नाही, आणि त्यातलाही थोडा घास ग्राफिक्स वगैरे मंडळी घेतात. ६४ बिटची घालावी, तर सोसायटीचा म्हातारा प्रिंटर संपावर जातो. हे कोणी सांगायच्या आत शेरा पडला होता: २.८ जीबी मेमरीचा हिशेब लागत नाही, कमिटीने खुलासा करावा.

दोषदुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. सेक्रेटरींनी रात्री जागून मजकूर तयार केला: 'सदर २.८ जीबी संस्थेच्या ताब्यातच असून ती बाहेर काढण्याकामी तीन कोटेशने मागविण्यात आली आहेत.'