थीमकाका

संस्था कुठलीही असो, वाचनालय, नाट्यमंडळ, हाउसिंग सोसायटी, तिच्या कार्यकारिणीत एक थीमकाका असतातच. अध्यक्ष आणि खजिनदार निवडून येतात, थीमकाका उगवतात. बैठकीत पोहे यायला उशीर झाला की कुणीतरी उगाच म्हणतं, "आपली एक वेबसाइट हवी." लगेच कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येतो, "मी बघतो ते."

आमच्या वाचनालयाचे थीमकाका पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. धरणात पाणी येवो न येवो, नकाशावरची रेघ सरळ हवी, या बाण्याचे. २००३ साली निघालेलं वर्डप्रेस त्यांना साठी उलटल्यावर भेटलं आणि थीमा फुकट मिळतात हे कळल्यावर त्यांची अवस्था रांगोळी-प्रदर्शनात सोडलेल्या पोरासारखी झाली. सोमवारी वेबसाइट निळी, बुधवारी मोरपंखी, शनिवारी तिच्या माथ्यावर आपोआप सरकणारी चित्रं. 'आमचे पदाधिकारी' या पानावर महिनाभर थीमबरोबर आलेली सोनेरी केसांची बाई खजिनदाराच्या जागी हसत होती. आमचे खरे खजिनदार इतके कधीच हसलेले नाहीत. मजकुराच्या जागी 'लोरेम इप्सम' होतं. ती सिसेरोच्या इ.स.पू. ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाची मोडतोड. पण आमच्या एका आजीव सभासदांनी ते रोमन लिपीतलं संस्कृत समजून दोनदा वाचलं आणि 'विषय गहन आहे' असा अभिप्राय दिला.

मी सहकार्यवाह, म्हणजे मजकूर देणारा. मला ते फार प्रेमाने समजावतात. "मजकूर म्हणजे नवरी. टेम्प्लेट म्हणजे मांडव, कोण कुठे बसणार ते ठरवतो. आणि स्टाइलशीट म्हणजे साडी-दागिने. नवरी तीच, साडी बदलली की दुसरा समारंभ! १९९४ सालीच सुचवून ठेवलंय होकॉन व्हियम ली यांनी." नाव ते घरच्या जावयासारखं घेतात.

एकाच शीर्षकाला दोन नियम दोन रंग सांगायला लागले तर ऐकायचं कुणाचं, हे मी एकदा विचारून बसलो. त्यावर मिळालेलं उत्तर मात्र मी कुठल्याही पुस्तकापेक्षा वर ठेवीन. "मानपान हो! नुसता टॅग म्हणजे आमंत्रणाला आलेलं गाव. क्लास म्हणजे नात्यातले. आयडी म्हणजे व्याही. त्यांच्यापुढे नात्यातल्यांचं चालत नाही. आणि 'इम्पॉर्टंट' म्हणजे रुसून बसलेले मामा. त्यांच्यापुढे व्याह्यांचंही चालत नाही."

"आणि दोन मामा रुसले तर?"

"पुन्हा मान बघायचा. तोही सारखा असेल तर जो शेवटी आला त्याचं खरं."

त्यांच्या स्टाइलशीटमध्ये एकूण एकेचाळीस मामा रुसलेले मी स्वतः मोजलेत.

तक्रार कसलीही असो, त्यांचं उत्तर एक, "तुमच्याकडे जुनं दिसतंय. कॅश साफ करा." हे त्यांनी पहिल्यांदा भर बैठकीत सांगितलं तेव्हा खजिनदारांनी पेटीवर हात ठेवला होता.

पण खरा घोळ अक्षरांनी घातला. काकांना एका परदेशी थीममधली विरळ, ऐटबाज शीर्षकं आवडली. त्यांनी अक्षरांमधलं अंतर चार पिक्सेल केलं. इंग्रजीला ते शोभतं. आपली अक्षरं शिरोरेघेला धरून उभी. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' ही ओळ दोरी तुटून खाली आलेल्या वाळवणासारखी दिसायला लागली. शिवाय ओळीची उंची इंग्रजीच्या बेताची आणि चौकटीबाहेर जाईल ते झाकण्याचा हुकूम, त्यामुळे वरचे रफार छाटले गेले. 'वर्गणी भरा'चं 'वगणी भरा' झालं. कुणीही भरली नाही. एका निवृत्त मराठीच्या बाईंनी मुद्रणदोषांचं पत्र टपालाने पाठवलं. काका त्यावर म्हणाले, "बाईंना कॅश साफ करायला सांगा."

अंतर शेवटी शून्य केलं, ओळ उंच केली. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी थीमला अपडेट आला आणि मूळ फायलीत केलेली सगळी कारागिरी रातोरात पुसली गेली. काका दोन दिवस वाचनालयात आले नाहीत. आले ते चाइल्ड थीम घेऊन. "हे पोर आपलं. आता वरून किती का अपडेट येईनात, याच्या अंगावरचे कपडे कुणी काढणार नाही. फक्त बापाचं नाव बरोबर लावावं लागतं." बापाच्या फोल्डरच्या नावात त्यांनी एक अक्षर चुकवलं होतं. पोर अनाथ ठरलं आणि थीम चालू होईना.

या सगळ्यात वाचनालय किती वाजता उघडतं, हे वेबसाइटवर अजून नाही. परवा मी विचारलं, तर म्हणाले, "फूटरला तीन कॉलम केलेत. वेळ कुठल्या कॉलममध्ये शोभेल ते बघतोय."

काल सकाळी गेलो तर आमच्या शिपायाने नेहमीप्रमाणे दाराशी फळा लिहून ठेवला होता. सकाळी ८ ते १२, सायंकाळी ४ ते ८, सोमवारी बंद. शिरोरेघ एका झटक्यात ओढलेली, रफार जागच्या जागी. थीमकाका त्यासमोर मान वाकडी करून उभे. मला वाटलं, विरघळला माणूस.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फळ्याचा फोटो घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काळ्यावर पांढरं! डार्क मोड. शनिवारपर्यंत करून टाकतो."