आधी कॅबिनेट उघडा, मग पाकीट

"कॉम्प्युटर लई हँग व्हायलाय." सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जा, रिटर्न भरून देणाऱ्याच्या ऑफिसात जा, नाहीतर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलापाशी उभे राहा. हे वाक्य कानावर येतंच. त्याला ठरलेली दोन उत्तरं आहेत. "रॅम टाका", नाहीतर "जुना झालाय, नवीनच घ्या." दोन्ही उत्तरं कॅबिनेटचा एक स्क्रूही न काढता दिली जातात आणि पैसे मात्र गिऱ्हाइकाचे जातात. माझं भांडण याच्याशी आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. रोजचं काम उघडं ठेवा: टॅली, ब्राउझरचे टॅब, व्हॉट्सॲप वेब, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा नव्वदीच्या घरात अडकलेला दिसला तर रॅम कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के, तर दुखणं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. तिथं कितीही रॅम टाका, मशीन रखडणारच. त्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. दोन्ही आकडे चढलेले असतील तर आधी मेमरी वाढवा, कारण जागा संपली की विंडोज उरलेला माल डिस्कवर उतरवतं आणि ती बिचारी दुहेरी राबते. आणखी एक गोष्ट बघा. विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वरची रॅम त्याच्या उपयोगाची नाही. अशा मशीनला आठ जीबी विकणाऱ्यानं बिल फाडण्याआधी एवढं तरी बघायला हवं होतं.

सध्या हा हिशेब जास्त काळजीनं करायला हवा. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी कारखान्यांची ताकद वळवली आणि २०२५ च्या अखेरीस साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं क्रुशियल या नावानं चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे "नवीनच घ्या" या सल्ल्याची किंमत वाढली आहे. तो सल्ला देणाऱ्यानं आता कारण सांगितलंच पाहिजे.

विणकरांच्या या गावाला खरं तर हे शिकवायची गरज पडू नये. जेकार्डवर चादरीची नक्षी बदलायची झाली की भोकं पाडलेल्या कार्डांची माळ बदलतात, माग कुणी भंगारात काढत नाही.

पण जुन्याचा मोहही आंधळा नको. तुमचा मदरबोर्ड डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमचा असेल, म्हणजे साधारण २०११ ते २०१५ च्या काळातला, तर त्यात डीडीआर४ ची पट्टी बसतच नाही. खाचच वेगळ्या जागी असते. बाजारात भरपूर दिसणाऱ्या एच६१ बोर्डाला दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त सोळा जीबी. तिथं वापरलेली पट्टी आणि छोटी एसएसडी एवढाच खर्च करा, त्यापुढं एक रुपयाही नको. कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, तो या बोर्डावर बसत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरच्या मशीनला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मग तेही बंद. गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँकेचे तपशील ज्या मशीनवर पडलेत ते असं उघडं ठेवणं मला बेजबाबदार वाटतं. मुलाच्या अभ्यासाला, टायपिंगला, ब्राउझिंगला त्याच मशीनवर लिनक्स टाका. ते फुकट आहे आणि चांगलं चालतं.

बोर्ड डीडीआर४ चा असेल तर आणखी एक रस्ता आहे आणि दुकानात तो क्वचितच सांगितला जातो. प्रोसेसर जुना पडला असला तरी पट्ट्या काढून जपून ठेवा. इंटेलच्या बाराव्या पिढीचे डीडीआर४ घेणारे बोर्ड निघाले आहेत, एएमडीच्या एएम४ बोर्डांवर रायझन ५००० चालतो. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, मेमरी मात्र घरचीच. आजच्या भावात सगळ्यात मोठी बचत तिथंच आहे. सगळं कोरं, डीडीआर५ सकट, ज्याला रोज व्हिडिओ कापायचेत किंवा जड डिझाइन करायचंय त्यानं घ्यावं. त्याच्या कामात वाचलेला तास पैसे परत देतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरासाठी बापानं त्यापायी कर्ज काढू नये.

राहिले लग्नपत्रिका छापणारे. मराठी, तेलुगू, कन्नड अशा पत्रिका एकाच टेबलावर जुळवणारी ही माणसं जुनं मशीन सोडत नाहीत, कारण पेजमेकर आणि जुन्या फॉन्टचं डोंगल त्यातच अडकलंय. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. इथं रॅमचा प्रश्नच नाही. ते मशीन आहे तसं ठेवा, इंटरनेटची वायर मात्र आजच काढा. जुन्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घ्या आणि नवीन प्रत्येक काम युनिकोडमध्ये, दुसऱ्या मशीनवर करा. त्या बोर्डावरचे कपॅसिटर एकदा फुगले की तसाच बोर्ड पुन्हा मिळवताना वणवण होईल, आणि ती वेळ नेमकी लग्नसराईत यायची.