पाच लाख, सर्व करांसह

आमच्या घराण्यात आयकरातलं मला कळतं, ही समजूत कशी पसरली ते मला आजतागायत उमगलेलं नाही. बँकेत नोकरीला होतो एवढं खरं, पण ती क्लिअरिंगमध्ये, म्हणजे लोकांचे चेक या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये टाकण्याची. मधे कधीतरी मेहुण्याचा एकपानी 'सरल' फॉर्म मी भरून दिला, त्याला परतावा आला, आणि तेव्हापासून नात्यात कुणाच्याही हातात फॉर्म १६ पडला की तो फायलीत जाण्याआधी एकदा डोंबिवलीला येऊन जातो. मी चष्मा लावतो, 'हं' म्हणतो, आणि कागद उलटा करून बघतो. मागे काही नसतं. पण वजन पडतं.

तर भाचीचा फोन आला. भाची पायलट आहे. खांद्यावर चार पट्ट्या, हाताखाली दीड-दोनशे माणसं बसलेलं विमान. तिला मी लहानपणी पार्ल्याच्या बागेत घसरगुंडीवरून उतरवायला गेलो होतो आणि शेवटी तिनेच मला उतरवलं होतं.

"मामा, एक चार्टर कंपनी बोलावतेय. महिन्याला पाच लाख, कॉन्ट्रॅक्टवर. इथे पर्मनंट आहे, वरचा आकडा साधारण तेवढाच. पण तिकडे पहाटे तीनचं रिपोर्टिंग नाही. काय करू?"

पर्मनंट सोडायचं? आमच्या पिढीत पर्मनंट झाल्याचं पत्र देवापुढे ठेवत. मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांच्या आधी तोच प्रश्न येई. पण मी स्वतःला आधुनिक समजतो, म्हणून म्हटलं, "भावनेच्या भरात निर्णय नको. दोन्ही कागद व्हॉट्सॅपवर टाक. मी आकडे मांडतो." हिने स्वयंपाकघरातून "अरे देवा" म्हटलं. ते दूध उतू गेल्यामुळे असावं.

पायलटची पगाराची स्लिप मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. बेसिक, उड्डाणाच्या तासांचे पैसे, बाहेरगावी मुक्काम पडला तर त्याचा भत्ता, मग पीएफ, मग टीडीएसचा असा लचका की वाचतानाच माझा हात खिशाकडे गेला. त्यातले तासांचे पैसे मला आवडले, कारण डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात पायलटला वर्षाला १,००० तास उडता येतं हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. तासाच्या दराला मी १,००० ने गुणलं, आलेला आकडा पुन्हा पुन्हा तपासला, आणि ताईला फोन करून सांगितलं की तुझी पोरगी तुझ्यापासून बरंच काही लपवते आहे.

"मामा," संध्याकाळी भाची शांतपणे म्हणाली, "एक हजार तास ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे उडायला बंदी आहे. तेवढे कुणी देत नाही. कंपनी महिन्याला काही तासांची हमी देते, विमान उडो न उडो. आमचं घर त्या हमीवर चालतं."

या हमीवरून केवढं रामायण होऊ शकतं ते २०२४ च्या एप्रिलमध्ये दिसलं होतं. विस्तारा या विमानकंपनीच्या नव्या करारात ही हमी महिना ७० तासांवरून ४० वर येणार म्हटल्यावर पायलट बिथरले, कित्येकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि विमानं धडाधड रद्द झाली. तेव्हा मी 'लाखांत पगार घेतात आणि वर रुसतात' असं म्हणून पेपरचं पान उलटलं होतं. आता एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे तीस तासांचा गुणाकार केला आणि पत्रिका हळूच खाली ठेवली.

मग कॉन्ट्रॅक्टचा कागद घेतला. हा कागद मला एकदम सज्जन वाटला. स्लिपसारखी रकान्यांची गर्दी नाही. महिना पाच लाख, टीडीएस १० टक्के, विषय संपला. शिवाय खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही रक्कम सर्व करांसह आहे. म्हणजे कर कंपनीच भरणार! कशाला हवं ते पर्मनंट, जिथे दर महिन्याला सव्वा लाखाच्या वर कापून घेतात? इथे पन्नास हजार कापले की साडेचार लाख हातात. मी कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर केलं: 'कॉन्ट्रॅक्ट घेतल्यास टॅक्स फक्त १०%. अभ्यासाअंती.' त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. मेहुण्याची निवृत्ती जवळ आलेली, तरी त्याने कार्यालयात जाऊन मला कॉन्ट्रॅक्टवर घेता का म्हणून चौकशी केली. साहेबांनी त्याला बसवून पाणी दिलं.

आमच्या गल्लीतल्या सीएकडे मी फक्त शिक्का मारून घ्यायला गेलो होतो. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. मला काका म्हणतो, म्हणून मीही त्याला फारसं मानत नाही. त्याने कागद वाचला आणि विचारलं, "गणवेश कुणाचा? रोस्टर कोण लावतं? रजा कुणाला विचारून? मधल्या दिवसांत दुसऱ्याचं विमान उडवायला परवानगी आहे का?"

मी म्हटलं, "गणवेश पांढरा असतो."

त्याने सुस्कारा सोडला. नुसतं कॉन्ट्रॅक्ट लिहून कॉन्ट्रॅक्ट होत नाही, काम कसं करायचं हे दुसरा ठरवत असेल तर करणारा नोकरच, हे तत्त्व आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात चांगलं पक्कं केलंय म्हणे, आणि तो खटला होता मिठागरातल्या अगरियांचा. मिठागरातल्या माणसाचा निकाल तीस हजार फुटांवरच्या माझ्या भाचीला लागू पडू शकतो हे ऐकून माझा ऊर भरून आला. सीएला नाही आला. "पण धरून चालू की हे खरंच कॉन्ट्रॅक्ट आहे," तो म्हणाला आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

आता हे नीट ऐका, कारण त्याला ते मला तीनदा सांगावं लागलं. वर्षाचे साठ लाख. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी पहिल्या चोवीस लाखांवर कर ३ लाख. उरलेल्या छत्तीस लाखांवर ३० टक्क्यांनी १० लाख ८० हजार. उत्पन्न पन्नास लाखांच्या वर म्हणून त्यावर १० टक्के अधिभार. मग ४ टक्के उपकर. बेरीज १५ लाख ७८ हजार ७२०.

"आणि कंपनीने कापले किती? सहा लाख. राहिलेले ९ लाख ७८ हजार ७२० कुणी भरायचे?"

"कंपनीने," मी ठामपणे म्हटलं.

"भाचीने, काका. तेही वर्षाच्या शेवटी एकदम नाही. जूनच्या पंधराला, सप्टेंबरच्या पंधराला, डिसेंबरच्या पंधराला, मार्चच्या पंधराला, हप्त्याहप्त्याने. चुकलं की महिना एक टक्का व्याज. टीडीएस म्हणजे कर नव्हे, कराचा आगाऊ घेतलेला तुकडा आहे."

मग त्याने तेच साठ लाख पगार म्हणून मांडले. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, कंत्राटी माणसाला ती नाही. दोन्ही करांत वर्षाला फरक आला २५,७४० रुपये, आणि तोही पर्मनंटच्या फायद्याचा. मी ज्याच्यावरून ग्रुपवर क्रांती केली होती ती क्रांती महिन्याला २,१४५ रुपयांनी उलट दिशेला निघाली होती.

मी हार मानणारा नाही. माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. छोट्या व्यावसायिकांचं निम्मंच उत्पन्न करपात्र धरायची एक सवलत आहे, ७५ लाखांपर्यंत, हे मी सकाळीच वाचलेलं होतं. सीए म्हणाला, आहे, पण ती ठरावीक व्यवसायांना. डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, आमच्यासारखे सीए, अंतर्गत सजावटकार. यादीत पायलट नाही.

"अंतर्गत सजावटकार आहे?" मी खुर्चीत पुढे सरकलो. "समजा, तिने कॉकपिटमध्ये एखादा पडदा वगैरे..."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. बिनसाखरेचा.

खर्च दाखवता येतात हा कॉन्ट्रॅक्टचा खरा फायदा, असं तो म्हणाला. पण वर्षाची मेडिकल, सहा महिन्यांची सिम्युलेटर परीक्षा, लायसन्स गेलं तर म्हणून काढायचा विमा, हे पर्मनंट माणसासाठी बहुधा कंपनीच बघते. कंत्राटी पायलट आधी स्वतःच्या खिशातून भरतो आणि मग त्यावर कर वाचवतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटीचं नाव काढायचं नाही. मी हे सगळं पत्रिकेच्या मागे लिहून घेत होतो, इतक्यात त्याने चष्म्यावरून बघितलं.

"जीएसटी वरून की आतून?"

मला वाटलं तो चहाबद्दल काही विचारतोय.

नोकराने मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी लागत नाही. पण कंत्राटी माणूस हा धंदेवाईक. वर्षाला वीस लाखांच्या पुढे गेला की नोंदणी, १८ टक्के, विवरणपत्रं, सगळं आलं. आणि 'सर्व करांसह' याचा अर्थ हे १८ टक्के त्या पाच लाखांच्या पोटातूनच निघणार. म्हणजे महिन्याला शहात्तर हजारांहून जास्त सरकारचे, आणि भाचीचे सव्वाचार लाखांनाही जरा कमीच. "आता वरचं सगळं पुन्हा मांडावं लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

तरी निघताना पगाराचं कलम १९२ आणि व्यावसायिक फीचं १९४जे हे दोन नंबर मी घोकून घेतले. पुढच्या लग्नकार्यात उपयोगी पडतील म्हणून. तर १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. १९२ चं ३९२ झालं आणि १९४जे ३९३ च्या पोटात गेलं. सरकार माझ्या पाठांतराची वाटच बघत होतं.

खरं तर इथे मी थांबायला हवं होतं. पण ताईने मधेच सांगितलं की आखातातल्या एका कंपनीचंही विचारणं आलंय, तिथे पगारावर आयकरच नाही. झालं, माझ्यातला तज्ज्ञ पुन्हा उठून बसला. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवस राहिला की निवासी ठरतो आणि त्याचं जगभरचं उत्पन्न आपल्या करात येतं. १८१ पर्यंत सुटका. जहाजावरच्या खलाशांसाठी दिवस मोजायचा खास नियम आहे, विमानवाल्यांना तो नाही. तेव्हा १ एप्रिलपासून मोजत गेलं तर तिने २८ सप्टेंबरच्या आत निघायला हवं, आणि जितकी लवकर निघेल तितकी दिवाळीला येण्याची सोय. मी ऑगस्टचा मुहूर्त धरला आणि तिचे भारतातले दिवस कालनिर्णयवर निळ्या पेनाने गोल करून टाकले.

कालनिर्णयवर आमचे दुधाचे खाडेही निळ्या गोलातच असतात.

महिनाअखेरीस मी दूधवाल्याला सप्रमाण दाखवून दिलं की त्याने एकही दिवस दूध घातलेलं नाही. तो गरीब माणूस कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. हिने बाहेर येऊन त्याचे पैसे चुकते केले, मला आत बोलावलं, आणि ते पेन त्या दिवसापासून गॅसच्या लायटरबरोबर फडताळात असतं.

ऑगस्टचा मुहूर्त भाचीला कळवला. ती म्हणाली, "मामा, कॅप्टनची नोटीस डीजीसीएच्या नियमाने एक वर्षाची आहे."

पुढच्या रविवारी ती स्वतः आली. मी पत्रिका, दोन तक्ते आणि कालनिर्णयचं सप्टेंबरचं पान घेऊन बसलो. तिने थालीपीठ खात खात सगळं ऐकलं, एक-दोन ठिकाणी माझी बेरीजही दुरुस्त केली. मग म्हणाली, "मी चार्टरवाल्यांना कधीच 'नाही' कळवलंय. उद्या कान दुखला आणि मेडिकलला अनफिट ठरले तर पर्मनंटला निदान आजारपणाची रजा असते. कॉन्ट्रॅक्टमध्ये उडणं बंद, पैसे बंद. आखाताचं पुढच्या वर्षी बघू."

"कधीच म्हणजे कधी?"

"तुला फोन केला त्याच्या आधीच्या आठवड्यात." तिने लोण्याची वाटी पुढे ओढली. "आई म्हणाली, मामाला विचारल्यासारखं कर. नाहीतर त्याला वाईट वाटेल."

सोमवारी सीएचं बिल आलं. सल्ल्याचे दोन हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,३६०. मी फोन करून म्हटलं, अरे, घरचंच काम, आतून घे ना. तो म्हणाला, "काका, मी कॉन्ट्रॅक्ट नीट वाचून सही करतो."