पशुवैद्याची सदिच्छा भेट

मराठी कुटुंबाच्या संबंधव्यवस्थेकडे जरा बारकाईने पाहिले, तर असे आढळते की, ज्या माणसांची गरज वर्षा-दोन वर्षांतून एकदा पडते त्यांच्याशीही हे कुटुंब मोठ्या निगुतीने सलोखा राखून असते. सत्यनारायणाचे गुरुजी, आरटीओतला ओळखीचा एजंट, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, इतकेच काय, मुलगी तिसरीत असतानाच तिच्या लग्नाचा आचारीही मनोमन ठरलेला असतो. या यादीत पशुवैद्याचे नाव मात्र सहसा नसते. घरात कुत्रा येतो, त्याचे बारसे होते, त्याला घराण्याचे आडनावही मिळते. परंतु त्याच्या डॉक्टरांचा पहिला परिचय होतो तो रात्री दीड वाजता, जेव्हा फोन करणारा अनोळखी असतो, उचलणारा झोपेत असतो आणि ज्याच्याविषयी हे संभाषण चाललेले असते त्याला बोलता येत नसते. पशुवैद्यकातील पुष्कळशी आणीबाणी ही आजाराची नसून ओळख नसल्याची असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्राचीनांना ही गोष्ट कळत होती. अश्वचिकित्सेची परंपरा शालिहोत्राच्या आणि गजचिकित्सेची पालकाप्याच्या नावाने सांगितली जाते, आणि ज्याच्या पागेत घोडे असत त्याच्या पदरी घोड्यांचा वैद्यही असे. लढाईच्या आदल्या रात्री 'इथे जवळपास कुणी घोड्याचा डॉक्टर मिळेल का हो?' असे विचारत हिंडणारा राजा इतिहासात भेटत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात तर अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात, उपचारातील हयगयीमुळे घोड्याचा आजार बळावल्यास उपचारखर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. घोड्याचा मालक खुद्द राजाच असल्याने मालकाच्या हयगयीला दंड किती, हा प्रश्न तेथे निघत नाही आणि तो आजतागायत कुणी काढलेला नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले त्याला शतकाहून अधिक काळ लोटला, तरी एखाद्या माणसांच्या डॉक्टराने दंडात सुई जोरात खुपसली की 'हा काय गुरांचा डॉक्टर आहे?' असे म्हणण्याची पद्धत समाजात टिकून आहे. वस्तुतः चार कोठ्यांचे पोट असलेली गाय, एका कोठ्याचा कुत्रा आणि पोटात काय आहे याचा पत्ता लागू न देणारे मांजर, या सर्वांना एकाच दुपारी तपासणाऱ्या माणसाचे नाव टोमण्यासाठी वापरणे हे बौद्धिक दारिद्र्याचे लक्षण होय.

या शास्त्रातील मूळ अडचण अशी की, रुग्ण मुका असतो आणि त्याच्या वतीने साक्ष देणारे कुटुंब वाचाळ असते. आजारापूर्वी काय घडले याच्या वृत्तान्ताला वैद्यकात 'पूर्वेतिहास' म्हणतात. माणसांच्या दवाखान्यात रुग्ण स्वतःपुरता खोटे बोलतो. जनावरांच्या दवाखान्यात पाच जण मिळून एका रुग्णासाठी खोटे बोलतात. 'बाहेरचं काही म्हणजे काही देत नाही आम्ही त्याला', असे गृहिणी सांगत असताना मागे उभ्या असलेल्या आजींच्या पदराला प्रसादाच्या शिऱ्याचे तूप लागलेले असते, आणि त्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात हे आजींना कुणी सांगितलेले नसते. नातवाने दिलेले चॉकलेट हा असाच दुसरा गुप्त अध्याय असून, त्यातील थिओब्रोमीन नावाचे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि तोवर त्याच्या हृदयाला धावायला लावते. कांदाभजीतला कांदा रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. आणि अंग गरम लागले म्हणून मायेने दिलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या बाबतीत जीवघेणी ठरू शकते, कारण ती निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. जुन्या ओळखीच्या डॉक्टरांसमोर आजी दोन मिनिटांत कबूल होतात. अनोळखी डॉक्टरांसमोर कुटुंबाची प्रतिष्ठा आडवी येते आणि कुत्रा शिक्षा भोगतो.

दुसरी बाब आधाररेषेची. निरोगी अवस्थेत त्या विशिष्ट प्राण्याचे वजन, तापमान, हिरड्यांचा रंग आणि एकंदर स्वभाव कसा असतो याच्या नोंदीला येथे आधाररेषा म्हटले आहे. कुत्र्याचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे ठाऊक नसलेले घर १०१ चा आकडा पाहताच निम्म्या नातेवाइकांना कळवून मोकळे होते. हा आकडा कोणत्या मार्गाने मोजतात ते पाहिल्यावर उरलेल्या निम्म्यांना कळवण्याचा उत्साह राहत नाही. औषधाची मात्रा किलोवर ठरते आणि मालकाचा अंदाज प्रेमावर ठरतो. 'असेल पंधरा-वीस किलो' असे ज्याच्याविषयी सांगितले जाते तो प्राणी गेल्याच महिन्याच्या कागदावर ३१ किलो असतो, आणि असा कागद दवाखान्याच्या कपाटात असणे हीच त्या रात्रीची निम्मी औषधयोजना असते.

तथापि हा संबंध दोन माणसांपुरता नसून त्याला तिसरा पक्ष आहे, आणि त्या पक्षाचे मत प्रतिकूल असते. प्राण्याच्या दृष्टीने दवाखाना म्हणजे जेथे एकदा नेले असता सुई टोचली अशी जागा. यावर जाणकारांनी सुचवलेला उपाय असा की, काहीही झालेले नसताना प्राण्याला अधूनमधून तेथे न्यावे, वजनकाट्यावर उभे करावे, डॉक्टरांच्या हातून एखादा खाऊ खाऊ घालावा आणि परत आणावे. मराठी राजकारणात या प्रकाराला 'सदिच्छा भेट' असे सार्थ नाव पूर्वीपासूनच आहे: भेटीत कोणताही विषय निघाला नाही असे दोन्ही बाजू सांगतात, चहा होतो, छायाचित्र निघते, आणि पुढे सरकार अडचणीत आले की याच भेटीचा उपयोग होतो. कुत्रे या मुत्सद्देगिरीला बिस्किटापर्यंत वश होतात. मांजरांचे तसे नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील मांजराने, वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली येणाऱ्या टोपलीचा आणि लसीकरणाचा कार्यकारणसंबंध इतक्या अचूकपणे जोडला आहे की, माळ्याच्या शिडीचा आवाज होताच ते दिवाणाखाली अंतर्धान पावते, आणि दवाखान्याची वेळ संपल्याची खात्री पटल्यावरच प्रकट होते. टोपली माळ्यावर न ठेवता बारा महिने घरात उघडी पडू द्यावी, म्हणजे ती फर्निचर होते आणि तिची दहशत जाते, असा सल्ला डॉक्टरांनी दिला असून तो अमलात आणला गेला आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात या शास्त्राची स्थिती अधिक प्रगत आहे, हे मान्य करावे लागेल. तेथे गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असला, तरी डॉक्टर तिला 'ती, मागच्या वेताला आडवं वासरू होतं ती' अशा नावाने ओळखतात, आणि त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत दर फेरीला शेवग्याच्या शेंगा आपोआप उगवतात. मात्र डॉक्टर येण्यापूर्वीचा अर्धा तास तेथेही धोक्याचाच. पावसाळ्याच्या सुरुवातीचे कोवळे गवत किंवा लसूणघास भरमसाट खाल्ल्याने कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कोठ्यात, वायू कोंडून डाव्या कुशीचा ढोल होतो त्या पोटफुगीत जनावर काही तासांतच दगावू शकते. प्रसंग हातघाईवर आल्यास डॉक्टर डाव्या भकाळीत ट्रोकार नावाचे नळीदार शस्त्र खुपसून वायू बाहेर काढतात. परंतु त्याआधी बांधावरच्या पाच जणांचे सहा सल्ले झालेले असतात, आणि मान वर करून घाईने ओतलेले तेल पोटाऐवजी फुप्फुसात उतरल्यास डॉक्टरांना एकाच्या जागी दोन आजार मिळतात. लसीकरणाचेही असेच. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याची लस घेऊन पथक आले की, दूध दोन दिवस घटेल या भीतीने काही गायी नेमक्या त्याच दिवशी लांबच्या रानात चरायला जातात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा मात्र लांबचे रान एकाएकी ओस पडले. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे आणि तो फोनमध्ये असावा हे खरेच, पण क्रमांकाला मागच्या वेताचे वासरू आठवत नाही.

संबंध म्हटला की पथ्येही आली. पंगतीत पशुवैद्य शेजारी सापडला म्हणून त्याच्या पानात मठ्ठा पडत असतानाच टॉमीच्या जुलाबाचा रंग सांगू नये. तो रंग दाखवणारे छायाचित्र मध्यरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर धाडू नये, आणि धाडल्यास सकाळी त्याखाली गुलाबाचे फूल तरी पाठवू नये. 'आमचा चावत नाही' हे विधान करू नये, कारण डॉक्टरांच्या मनगटावरचे सर्व व्रण हे न चावणाऱ्या कुत्र्यांचेच असतात. 'एवढ्याशा इंजेक्शनचे पाचशे?' हा प्रश्न विचारायचाच असेल, तर आजार बरा झाल्यानंतर विचारावा.

विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत आणि ते प्राणी धडधाकट असतानाच विचारावे लागतात: डॉक्टर रात्री फोन घेतात का, घेत नसल्यास त्या वेळी कुठे जायचे, एक्स-रेची सोय कुठे आहे, आणि गणपतीत ते कोकणात गावी गेले की त्यांच्या जागी कोण असते. विसर्जनाच्या संध्याकाळी मिरवणुकीने रस्ते बंद असताना कोणत्या गल्लीतून दवाखाना गाठता येतो, हेही त्यांनाच ठाऊक असते. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषध लागणार असेल, तर ते लक्ष्मीपूजनाला सायंकाळी सात वाजता मागून उपयोग नाही. पंधरा दिवस आधी जावे, म्हणजे मात्रा बेताची आहे की नाही हे शांतपणे पाहता येते.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील टोपली आज दोन महिने दिवाणखान्यात उघडी ठेवलेली आहे. मांजर अद्याप तिच्यात शिरलेले नाही. इस्त्रीचे कपडे मात्र तिच्यात ठेवले जाऊ लागले आहेत.